भेटीसाठी विज्ञान आणि भाषेची पुस्तके : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

पुस्तक भेट देण्याची रीत मराठी समाजात जुनी आहे. शाळेच्या बक्षीस समारंभात पुस्तक मिळते, वाढदिवसाला मिळते, सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर मिळते; संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणूनही आता अनेक ठिकाणी छोटी पुस्तके लुटली जातात. या भेटींमध्ये कथा-कादंबऱ्या, थोरांची चरित्रे आणि धार्मिक ग्रंथ यांचा वाटा मोठा असतो. विज्ञानाचे किंवा भाषेविषयीचे पुस्तक क्वचित दिले जाते, आणि दिले तरी बहुधा पुढे कधी तरी उपयोगी पडेल म्हणून. अशा भावनेने दिलेले पुस्तक गाईडांच्या रांगेत जाऊन बसते. ही पुस्तके गोडीने वाचली जावीत असे वाटत असेल तर निवडीची सुरुवात दुकानातून न करता माणसापासून करावी लागते. ज्याला पुस्तक द्यायचे त्याला आधीच कोणता प्रश्न पडलेला आहे हे हेरावे आणि त्या प्रश्नाला भिडणारे पुस्तक शोधावे. बाकीचे सगळे निकष यानंतरचे.

हिंगोलीत असे प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा. हळद, सोयाबीन, कापूस ही इथली पिके. जगात मोजक्याच ठिकाणी असलेली एक वैज्ञानिक यंत्रणा याच मातीत उभी राहायची आहे, आणि ज्यांची वाणी पंजाबपर्यंत पोचली त्या संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा ज्या नरसीचे नाव घेते तेही याच जिल्ह्यात. विज्ञान आणि भाषा हे दोन्ही विषय इथल्या माणसाच्या घराजवळचे आहेत.

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. या लहरींची पहिली थेट नोंद १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या यंत्रांनी केली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. ही घटना घडली शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, आणि तिच्यामुळे अवकाशात उठलेला तरंग इतका काळ प्रवास करून पृथ्वीवर पोचला. शोध जाहीर झाला ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातील वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. या संशोधनासाठी रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेधशाळेची रचना ऐकली की प्रश्नांची रांगच लागते. काटकोनात पसरलेल्या प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या आत जवळजवळ निर्वात नळ्या, टोकांना टांगलेले आरसे आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेसरचा झोत. लहर जात असताना एक भुजा किंचित ताणली जाते आणि दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका असला तरी तो टिपता यावा, अशी ही यंत्रे बांधलेली असतात. रस्त्यावरून गेलेला ट्रक, दूरच्या समुद्राच्या लाटा, जमिनीचे बारीकसे थरथरणे, यांतले काहीही मोजमाप बिघडवू शकते. समुद्रापासून दूर आणि तुलनेने शांत जमीन म्हणून हा भाग निवडला गेला. परस्परांपासून दूर असलेल्या वेधशाळा जितक्या जास्त, तितकी लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे अधिक नेमके सांगता येते. भारतातील यंत्राचे महत्त्व त्यात आहे. हे काय बांधतात, इथेच का, त्यातून किरण बाहेर पडतात का, आणि याचा उपयोग काय, हे प्रश्न औंढ्याच्या आठवीतल्या मुलीला पडतात तसेच तिच्या आजोबांनाही पडू शकतात. त्या घरात खगोलविज्ञानाचे पुस्तक आगंतुक ठरत नाही.

अशा घरासाठी पहिले नाव जयंत नारळीकर यांचे. त्यांचे ‘आकाशाशी जडले नाते’ हे पुस्तक राजहंस प्रकाशनाने १९९८ मध्ये काढले. आकाशनिरीक्षणाच्या इतिहासापासून ताऱ्यांच्या जन्ममृत्यूपर्यंत आणि विश्वरचनेपर्यंत ते वाचकाला पायरीपायरीने नेते. नववी-दहावीपासून पुढच्या वाचकाला ते झेपते. त्याहून लहान मुलाला दिले तर तो चित्रे पाहील आणि ठेवून देईल. त्याच्यासाठी नारळीकरांच्या विज्ञानकथा बऱ्या. ‘कृष्णविवर’ ही त्यांची कथा मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत आली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. आपल्या आद्याक्षरांचा उलटा क्रम त्यांनी त्यात लपवला होता. परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, कथा वाचून बक्षीस द्यावे, हा हेतू. कथा गाजली, आणि १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला. कथेच्या ओढीने वाचणाऱ्या मुलाला तो आजही धरून ठेवतो. आणखी एक धागा हिंगोलीकरांना सांगण्यासारखा आहे. नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात उभी केलेली आयुका ही संस्था लायगो-इंडियाच्या प्रमुख भागीदारांपैकी एक आहे. पुस्तकाचा लेखक आणि तालुक्यातली वेधशाळा यांच्यात इतके जवळचे नाते असेल तर भेट देताना ते दोन ओळींत लिहून द्यावे. वाचणाऱ्याला पुस्तक उघडण्याचे कारण मिळते.

विज्ञानाच्या पुस्तकाचे साल पाहणे मात्र टाळता येत नाही. प्लुटोला ग्रहांच्या यादीतून २००६ मध्ये वगळले गेले. गुरुत्वीय लहरी २०१५ पर्यंत केवळ गणितात आणि अप्रत्यक्ष पुराव्यांत होत्या. त्याआधी लिहिलेल्या पुस्तकात या गोष्टी जुन्या रूपातच असणार. म्हणून चांगले जुने पुस्तक बाद ठरत नाही, कारण तारे कसे जळतात हे समजावण्याची हातोटी शिळी होत नाही. मात्र नव्या शोधावरचा एखादा मासिकातला लेख कापून आत ठेवला तर भेट पूर्ण होते. खरी सावधगिरी दुसरीकडे हवी. मुखपृष्ठावर ग्रहतारे आणि आत राशिफल, किंवा प्रत्येक आधुनिक शोध आपल्याकडे आधीच लागला होता असे पुराव्याशिवाय सांगणारी पाने, अशी पुस्तके विज्ञानाच्याच फळीवर मांडलेली दिसतात. लेखक आपले म्हणणे कशावरून सांगतो आहे, हे दोन पाने वाचूनही कळते.

शेतकरी घरात प्रश्न जमिनीचा असतो. कापसावर कापूस घेतला की रान थकते, आणि हळदीआधी कोणते पीक बेवड म्हणून चांगले याचा हिशेब वसमत-कळमनुरीकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. त्या हिशेबामागचे विज्ञान एका माणसाच्या आयुष्यातून सांगणारे पुस्तक मराठीत आहे: वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’, पहिली आवृत्ती १९८१. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अलाबामातील टस्कीगी इथल्या शाळेत आला, तेव्हा भोवतालची जमीन कापसाने निकस करून टाकली होती. भुईमूग, चवळी अशी शेंगवर्गीय पिके फेरपालटात घ्या, हे तो गरीब शेतकऱ्यांना सांगत राहिला. या पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीला मिळवून देतात. सोयाबीनचे झाड उपटून त्याच्या मुळ्या पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट परदेशातली वाटत नाही. हे पुस्तक चरित्र म्हणून इतके वाचले गेले आहे की त्यातला शेतीशास्त्राचा भाग दुर्लक्षित राहतो. भेट देणाऱ्याने तोच पुढे करावा. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हरने शोधले असा एक समज सर्वत्र आहे, तो मात्र बरोबर नाही. त्याचे मोठेपण शेतकऱ्याच्या बांधावर विज्ञान नेण्यात होते; १९०६ पासून टस्कीगीची अवजारे-बियाण्यांनी भरलेली फिरती गाडी गावोगाव जाऊ लागली ती त्याच खटपटीतून.

स्वयंपाकघरातही विज्ञानाचे प्रश्न तेवढेच असतात. हळद वाळवण्याआधी शिजवतात कशाला, डाळ-तांदूळ एकत्र का खातात, मोड आल्याने कडधान्यात काय बदलते? कमला सोहोनी यांचे ‘आहार-गाथा’ हे पुस्तक या बाजूचे. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्या या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी सामान्य घरासाठी मराठीत लिहिले, ही मोठी गोष्ट आहे. त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत. एकाच घरातून आहाराचे शास्त्र आणि लोकसंस्कृतीचा अभ्यास असे दोन्ही आले. दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) झाडाफुलांचे निरीक्षण आणि भाषेचा आनंद एकाच वेळी देते. विज्ञानाचे पुस्तक द्यावे की भाषेचे, असा पेच पडेल तिथे हे एक पुस्तक दोन्हींची गरज भागवते. मात्र ते संथ वाचायचे आहे. घाईच्या वाचकाला देऊ नये.

इसापूर, सिद्धेश्वर, येलदरी या जलाशयांच्या काठी वाढलेल्या मुलाला पक्ष्यांचे सचित्र पुस्तक द्यावे. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ हाताशी असेल तर ओळखीच्या पक्ष्यांची मराठी नावेही सापडतात. सेनगावकडून लोणार फार लांब नाही. बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर सहलीत पाहून आलेल्या वर्गाला भूविज्ञानावरचे पुस्तक त्याच आठवड्यात मिळाले पाहिजे. महिन्याने दिले तर प्रश्न विरलेला असतो.

गणिताच्या पुस्तकाची परीक्षा सोपी आहे: त्याने वाचणाऱ्याच्या हाती पेन्सिल द्यावी. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या याचे चांगले उदाहरण. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा केले तरी तीच संख्या येत राहते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी सात पायऱ्यांच्या आत मुक्काम तोच. सहावीतल्या मुलाला हे करता येते आणि असे का होते हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाही. अच्युत गोडबोले आणि माधवी ठाकूरदेसाई यांचे ‘गणिती’ गणितज्ञांच्या आयुष्यांतून विषयाकडे नेते. ते महाविद्यालयीन वाचकासाठी. त्याच वयाला गोडबोलेंचे ‘किमयागार’ही चालते. दोन्ही जाडजूड आहेत, आणि जाडीमुळे भेट भारदस्त दिसते म्हणून ती लहान वाचकाच्या हातात पडतात. तसे करू नये.

भाषेविषयीची पुस्तके भेट देण्याचा विचार अजून कमी घरांत होतो. व्याकरण म्हटले की मार्कांची आठवण येते. पण भाषेबद्दलचे कुतूहल व्याकरणातून सुरू होत नाही; ते शेजारच्या माणसाच्या बोलण्यातून सुरू होते, आणि हिंगोलीत ते बोलणे अनेक तऱ्हांचे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत चाले. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातच सुरू झाले. जुन्या घरांच्या पेट्यांत उर्दूतले कागद अजून निघतात, आणि जमिनीच्या कामात खासरापत्रक हा शब्द आजही चालतो. बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. आजोबांनी उर्दूत शिक्षण घेतलेले, वडिलांनी मराठीत आणि नातवाने इंग्रजीत, अशी घरे मराठवाड्यात नवलाची नाहीत. आपल्या बोलण्यात इतके शब्द कुठून आले, हा प्रश्न अशा घरात आपोआप उभा राहतो.

त्यासाठी ना. गो. कालेलकर यांच्यासारखा लेखक नाही. ‘भाषा आणि संस्कृती’ आणि साहित्य अकादमीचा १९६७ चा पुरस्कार मिळालेले ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ ही त्यांची पुस्तके भाषाविज्ञानाचा पाया साध्या मराठीत घालून देतात. विद्वत्ता असूनही वाक्य आखूड आणि स्वच्छ ठेवता येते, हे त्यांच्याकडून शिकावे. शिक्षकाला, पत्रकाराला किंवा पदवीच्या विद्यार्थ्याला ती द्यावीत. बोलण्यातल्या फारसी शब्दांत रस असणाऱ्यासाठी माधव जूलियन यांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश आहे, आणि शब्दांच्या उगमासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’. कोश हे सलग वाचायचे पुस्तक नाही असे मानले जाते, पण व्युत्पत्तिकोश जेवणानंतर कुठलेही पान उघडून मोठ्याने वाचण्यासारखा असतो. त्यातल्या काही व्युत्पत्ती आता वादग्रस्त आहेत; तेवढे घेणाऱ्याला सांगून ठेवावे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८, सात खंड) एका माणसाला देण्याचा नव्हे, संस्थेला देण्याचा ग्रंथ आहे.

बोलींच्या बाबतीत भेट देणाऱ्याला थोडी अधिक दृष्टी लागते. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तांड्यावरच्या शाळेतील शिक्षकाच्या हाती तो असला, तर वर्गातल्या मुलांची घरची भाषा ही चूक नसून भाषा आहे, हे त्याला पुराव्यानिशी दाखवता येते. इतकी थेट उपयोगाची आणि इतक्या क्वचित दिली जाणारी भेट दुसरी नसेल.

नामदेवांच्या बाबतीत निवड नाजूक आहे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत, आणि पंजाबातील घुमान इथे २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते त्यांच्याच नात्याने. नरसीच्या घरात गाथा बहुधा असतेच, म्हणून तीच पुन्हा देण्यात अर्थ नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातील मराठी आजच्या वाचकाला उलगडून सांगणारी, शब्दार्थ आणि टीपा असलेली आवृत्ती द्यावी. भक्तीने पाठ असलेल्या ओळींची भाषा कळू लागली की वाचन वेगळेच होते.

पुस्तक कोणत्या भाषेत द्यायचे हेही ठरवावे लागते. उर्दू शाळेतल्या मुलाला उर्दू पुस्तक, हे उघड आहे; इंग्रजी माध्यमातल्या मुलाचे मात्र तसे नाही. त्याला मराठी विज्ञान पुस्तक दिले तर अभिसरण, अणुकेंद्र असे शब्द अडतात. ज्या पुस्तकात पारिभाषिक शब्द पहिल्यांदा येतो तिथेच समजावलेला असतो, किंवा शेवटी सूची असते, ते घ्यावे. लहानांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक, १९७१ पासून चालू असलेले, थोड्या वर्गणीत वर्षभर घरी येते. एका जाड पुस्तकापेक्षा अशी भेट अनेकदा जास्त वाचली जाते. मराठी विज्ञान परिषदेची ‘पत्रिका’ मोठ्यांसाठी तशीच.

प्रसंगांचा विचार करता कॅलेंडरनेच एक सोय करून ठेवली आहे. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन, आणि २८ फेब्रुवारी हा रामन परिणामाच्या १९२८ मधील शोधाचा स्मरणदिन म्हणून राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळांनी बक्षिसांसाठी हे दोन दिवस जोडून घ्यावेत, म्हणजे निबंध लिहिणाऱ्या मुलीला विज्ञानाचे आणि प्रयोग मांडणाऱ्या मुलाला भाषेचे पुस्तकही देता येईल. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आहेच. बक्षिसाच्या पुस्तकांत एक अडचण नेहमीची: पन्नास मुलांना एकाच शीर्षकाच्या पन्नास प्रती. वेगवेगळी पन्नास घेतली तर ती मुलांमध्ये फिरतात, आणि खर्च तेवढाच राहतो.

खरेदी तालुक्याच्या गावात अवघड जाते. तिथली दुकाने मुख्यतः पाठ्यपुस्तके, गाईड आणि स्पर्धा परीक्षांवर चालतात, त्यामुळे नांदेड किंवा परभणी गाठावी लागते, प्रकाशकाकडून मागवावे लागते, किंवा जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाची वाट पाहावी लागते. ग्रंथोत्सवात पुस्तक हातात घेऊन पाहता येते, ही त्याची मोठी बाजू. मधले एखादे पान पूर्ण वाचावे. ते थांबून पुन्हा वाचावे लागले तर घेणाऱ्यालाही लागेल. आकृत्या स्पष्ट छापल्या आहेत का हे पाहावे, कारण स्वस्त आवृत्तीत अनेकदा त्याच काळवंडतात. ज्येष्ठांसाठी टंक मोठा हवा. मुलांसाठी बांधणी शिवलेली असावी; नुसत्या डिंकाने चिकटवलेले पुस्तक दोन वाचनांत सुटते.

गावच्या वाचनालयाला भेट देताना मोजमाप वेगळे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये अनुदानावर चालतात, आणि त्यांच्या खरेदीत कोश, विज्ञान, भाषाविज्ञान मागे पडते. तिथे कादंबरीपेक्षा ‘कुमार विश्वकोशा’चे ‘जीवसृष्टी आणि पर्यावरण’ हे भाग, एखादा शब्दकोश, पक्ष्यांची ओळखपुस्तिका द्यावी. देण्याआधी ग्रंथपालाला विचारले म्हणजे असलेलीच प्रत पुन्हा जात नाही. दिलेले पुस्तक दाखल नोंदवहीत चढले आहे आणि संदर्भ म्हणून कपाटात बंद न राहता घरी नेता येते आहे, याची खात्री देताना करून घ्यावी; एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दिल्या, एक संदर्भासाठी आणि एक देवघेवीसाठी, तर हा प्रश्न उरत नाही.